घराची ओटी

दत्तविधानाचा दिवस चतुराबाईंनी पंचांग न उघडताच ठरवला. धाकट्या मुलाची, जगन्नाथाची, रजा संपत आली होती, आणि ज्या घरात चतुराबाईंचा शब्द हाच मुहूर्त मानला जाई, तिथे पंचांग पुढे करण्याचे धाडस मार्तंड गुरुजींना झाले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "मोठ्या सूनबाईंना कल्पना दिली आहे ना?"

"तिला कायची कल्पना द्यायची, गुरुजी? घरातच राहून राह्यली ती. डोळे तर चांगले हाएत."

"तसं नव्हे, बाई. दत्तकात बोलण्याला महत्त्व नाही, देण्याला आहे. जन्मदात्यांनी मूल आपल्या हातांनी उचलून घेणाऱ्याच्या मांडीवर ठेवायचं, आणि त्यांनी ते आपल्या हातांनी घ्यायचं. आईची राजीखुशी धर्मानं लागते, कायद्यानंही लागते. मंत्र मी म्हणेन. ते देणं मात्र मला करता येणार नाही, आणि क्षमा असावी, तुम्हालाही नाही."

चतुराबाई समाधानाने हसल्या. "मंग तर बराबरच झालं. तोंडानं म्हणायचं असतं तर आमची अडचण होती. हात तर दोघांचेबी धडधाकट हाएत."

त्यांचा थोरला मुलगा भुजंग जन्मतःच बहिरा होता आणि त्यामुळे मुकाही. मूळ खेड्यात, धावड्याला असताना गाव त्याला हाक मारीत नसे. खडा मारून त्याचे लक्ष वेधून घेई. त्या खड्यांचा बंदोबस्त चतुराबाईंनी स्वतः गल्लीत उतरून केला होता. तेव्हापासून भुजंगच्या वाटचे सगळे बोलणे त्याच बोलत आल्या. दुकानात त्याला काय हवे, देवळात त्याने काय मागितले, त्याला कोणती भाजी आवडते, त्याचे लग्न कुणाशी व्हावे, हे सगळे त्यांच्या तोंडून जगाला कळे. भुजंग जवळ उभा राही आणि मान हलवी.

पुढे जमीन बटईने कसायला देऊन त्या मुलाबरोबर जालन्याला आल्या, कारण भुजंगला एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये काम लागले होते. तिथे लालभडक सळया रुळांतून सुटत आणि असा काही गदारोळ चाले की कान असलेल्यालाही शेजारच्याचे बोलणे समजत नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मूठ वर केली की माल सोडायचा, तळवा खाली दाबला की दमाने घ्यायचे, आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले की मिल बंद करायची. बाकीचे कामगार हे नोकरीत शिकले. भुजंगला शिकावे लागले नाही. मुकादमाने त्याला रुळांच्या तोंडाशी उभे केले, आणि त्याचे हात वर गेले की सगळी मिल थांबू लागली. चतुराबाईंना यातले काही ठाऊक नव्हते. मुलगा लोखंडाच्या कारखान्यात आहे, एवढे त्यांना पुरे होते.

सून त्यांनी जाणूनबुजून बहिरी शोधली. "बोलती आणली असती तर तिनं माझ्या लेकाला बोलून बोलून खाल्लं असतं," असे त्या सांगत. जाफराबादची रजनी औरंगाबादच्या मूकबधिर शाळेत वसतिगृहात राहून सातवीपर्यंत शिकली होती. तिला लिहिता-वाचता येई, पण त्या घरात तिला कुणी काही लिहून विचारत नसे. तिच्या बोटांना असा वेग होता की भुजंग पहिले काही महिने नुसता पाहतच राहिला. मग हळूहळू त्याचेही हात मोकळे झाले. दोघे संध्याकाळी ओसरीवर बसून काय बोलत, हे चतुराबाईंना कळत नसे, आणि आपल्याला न कळणारे बोलणे महत्त्वाचे असू शकते, असे त्यांच्या मनात कधी आले नाही.

रजनीला त्यांनी घरातली एक गोष्ट मात्र पूर्णपणे दिली होती. चतुराबाईंचे यजमान काकासाहेब गेले आणि सुतक फिटले, त्या दिवशी चतुराबाईंनी आपला कुंकवाचा करंडा आणि ओटीचे ताट चार बायकांदेखत रजनीच्या हातात ठेवले. "आजपासून या घराची ओटी हिच्या हातची," त्या म्हणाल्या. या बाबतीत त्या अतिशय कडक होत्या. एकदा नणंद साळूबाई म्हणाली, "वहिनी, घरातलीच भाची हाए. भरा की तुम्हीच. कोण बघून राह्यलं?" तेव्हा चतुराबाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की साळूबाईने पुन्हा तो विषय काढला नाही. आणि शेजारच्या एका सुनेने ओटी घेऊन पायरीवरच पदराची गाठ सोडली, पोरांना खोबरे वाटायला बसली, तेव्हा तिलाही ऐकावे लागले, "भरल्या ओटीची गाठ देणाऱ्याच्या दारात सोडायची न्हाई. हा अपमान हाए, बाई. आपल्या घरी जाऊन सोडावं." रजनीला हे ऐकू गेले नाही. पण तिने सासूचे बोट, ती गाठ आणि त्या सुनेचे उतरलेले तोंड पाहिले होते, आणि पाहिलेले ती विसरत नसे.

भुजंग-रजनीला मुलगी झाली तेव्हा चतुराबाईंनी पहिले काम केले ते पितळी ताट आणि रवी घेऊन पाळण्यामागे उभे राहण्याचे. ताट वाजले. पोर दचकले आणि भोकाड पसरून रडू लागले. चतुराबाईंनी तिथेच साखर वाटायला सांगितली आणि मुलीला आपल्या आजेसासूचे नाव दिले, गोदावरी. आई-बापांना ते नाव उच्चारता येणार नव्हते. त्यांनी आपले वेगळे नाव ठेवले: गालाला बोट टेकवून किंचित फिरवायचे, कारण पोरीच्या उजव्या गालाला खळी पडे.

रात्री पोर रडले तर आईला कळावे कसे, असा प्रश्न सगळ्यांना पडला होता. रजनीने जुन्या लुगड्याची पट्टी फाडून तिचे एक टोक आपल्या मनगटाला आणि दुसरे पोरीच्या मनगटाला सैलसर बांधायला सुरुवात केली. मुलीने हात हलवला की आई जागी. चतुराबाईंनी ते पाहिले आणि त्यांना वासरू दाव्याला बांधल्यासारखे वाटले. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही.

गोदूला चौथे वर्ष लागले. आजीशी ती मोजकेच बोले, तेही अडखळत. आईबापांसमोर बसली की मात्र तिचे हात पाखरासारखे उडत. चतुराबाईंना ते पाहवेना. कान देवाने दिले, आणि घर ते वाया घालवणार. पोर कान असून मुकी होणार, शाळेत हसे होणार, उद्या कुणी हिला पदरी घेणार नाही. ही काळजी खोटी नव्हती. तिच्यातून जो उपाय निघाला, तो मात्र त्यांनी एकट्यांनी काढला.

धाकटा जगन्नाथ कॅनडात इंजिनियर होता. त्याचे लग्न होऊन बरीच वर्षे झाली होती, मूल नव्हते. चौऱ्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो आणि त्याची बायको प्रेमला जालन्याला आले, आणि पहिल्याच संध्याकाळी चतुराबाईंनी निर्णय सांगितला.

"गोदू तुमच्या ओटीत घ्या. तिकडं शाळा चांगल्या, बोलणारी माणसं. तुमचं घर भरल, पोरीची जीभ सुटल. घरातलं घरात राह्यलं."

जगन्नाथाला ते हवे होते, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसले, म्हणूनच तो चाचरला. "आई, दादाला विचारलं का?"

"सांगते."

"सांगायचं न्हाई, विचारायचं."

"मी त्याला काय विचारलं आतापरेंत, सांग बरं? कधी त्याचं वाईट झालं का?"

जगन्नाथाने बायकोकडे पाहिले. प्रेमला हळूच म्हणाली, "मी रजनीताईंना लिहून विचारू का? त्यांना वाचता येतं."

"घरातल्या गोष्टी लिहून विचारायच्या आल्या का आता? ही काय कचेरी हाए?" चतुराबाई म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी भुजंग पाळीवरून आला तेव्हा त्यांनी त्याला अंगणात उभे केले. गोदूकडे बोट दाखवले, मग जगन्नाथाकडे, मग हात तिरपा करून आभाळात नेला. शेवटी दोन्ही तळवे एकमेकांवर झटकले. त्या घरात याचा अर्थ एकच होता: ठरले. भुजंगने आईकडे पाहिले, मग दारात उभ्या असलेल्या रजनीकडे. रजनीचे हात एकदाच हलले आणि खाली आले. भुजंग हातपाय धुवायला मोरीकडे गेला.

"बघ, न्हाई म्हणला का?" चतुराबाईंनी जगन्नाथाला विचारले.

"हो तरी कुठं म्हणला?"

"तो हो कवा म्हणतो?"

त्यानंतरचे दिवस चतुराबाईंना समाधानाचे गेले, कारण रजनी स्वतःहून तयारीला लागली होती. तिने गहू निवडायला घेतले, एकही खडा राहू नये अशा बारकाईने. बाजारात जाऊन चांगला घट्ट विणीचा खण आणला. नारळ कानाशी हलवता येत नव्हता, म्हणून तळहातावर हलवून, आतले पाणी जाणवते का ते पाहून घेतला. आणि एका सकाळी तिने ट्रंकेतून गोदूची कुंची काढली. गोदू तान्ही असताना रजनीने ती स्वतः शिवली होती, कडेला हिरवी जर लावून. ती तिने धुतली, दोरीवर सावलीत वाळवली, घडी घातली.

"पोरीचं सामान बांधून राह्यली," चतुराबाई साळूबाईला म्हणाल्या. "मी म्हणलं नव्हतं? समजूतदार हाए. आरडाओरड न्हाई, रडणं न्हाई."

"रडली तरी कुणाला ऐकू येनार, वहिनी?" साळूबाई म्हणाली. "आन चार वर्साच्या पोरीला कुंची? कानाला तरी बसल का ती?"

"आठवण म्हणून देत असल. तुमचं आपलं काही तरी."

आणखीही एक गोष्ट त्यांनी पाहिली. रजनीने स्वयंपाकघरात प्रेमलाला जवळ बसवून घेतले, तिचे बोट धरले, तिच्या गालाला लावले आणि हलकेच फिरवले. प्रेमलाने ते करून पाहिले. गोदू धावत आली. दोघी हसल्या, मग प्रेमलाचे डोळे भरले आणि रजनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. चतुराबाईंनी दारातूनच हे पाहिले आणि मनाशी म्हणाल्या, देणारी घेणारीला रीत शिकवते आहे. आता काही राहिले नाही.

ठरल्या दिवशी पुढच्या खोलीत होमाची विटांची चौकट मांडली. पुरण शिजत होते. शेजारी आले होते. त्यात भुजंगच्याच मिलमधला पुंजाराम होता, सुट्टीचा धुतलेला सदरा घालून. जगन्नाथाच्या गळ्यात कॅमेरा होता, कारण मूल हातोहात दिल्याचा फोटो तिकडच्या कचेरीला दाखवावा लागणार होता. चतुराबाई भिंतीला टेकून पाटावर बसल्या होत्या आणि कुणी कुठे बसायचे ते बोटाने दाखवत होत्या.

मंत्र झाले. प्रेमला-जगन्नाथ पाटावर बसले. गुरुजी म्हणाले, "मुलीच्या मातापित्यांनी पुढे यावं." चतुराबाईंनी रजनीला खूण केली.

रजनी पुढे आली, ती ताट घेऊन. ताटावर रुमाल होता. तिने रुमाल काढला आणि प्रेमलासमोर गुडघे टेकले.

"आधी ओटी? चालेल, चालेल," गुरुजी पुटपुटले.

रजनीने करंडा उघडून प्रेमलाला हळद लावली, कुंकू लावले. पदर पसरण्याची खूण केली. प्रेमलाने पदर पसरला. रजनीने खण ठेवला, नारळ ठेवला, हळकुंड, सुपारी, खारीक ठेवली, आणि ओंजळीने गहू घातले, सावकाश, एकही दाणा सांडू न देता. सगळ्यांत वर तिने ती छोटी कुंची ठेवली. हाताने तिच्या सुरकुत्या काढल्या, जशी तान्ह्याच्या डोक्यावर काढतात. मग तिने स्वतःच प्रेमलाच्या पदराची टोके गोळा करून घट्ट गाठ मारली. ती उठली, कोपऱ्यात खेळणाऱ्या गोदूला उचलून कडेवर घेतले, आणि मागे जाऊन आपल्या जागी बसली.

जगन्नाथाने डोळ्याला लावलेला कॅमेरा तसाच राहिला. फोटो काढण्यासारखे काहीच दिले-घेतले गेले नव्हते. निदान तिकडच्या कचेरीला समजेल असे.

"हे काय झालं?" त्याने विचारले.

"पाठवणीची ओटी भरली की रे तिनं," साळूबाई हलक्या आवाजात म्हणाली. "पाहुणीला भरतात तशी. आन वरून कुंची. तुला तान्हं होवो आन ही त्याच्या डोक्यावर चढो, असं."

प्रेमलाला ते सांगावे लागले नाही. ती पदराची गाठ दोन्ही हातांनी धरून उठली, थोरल्या जावेसमोर गेली आणि रिवाजाप्रमाणे वाकून तिच्या पायांना हात लावला. ओटी स्वीकारली गेली.

चतुराबाई उभ्या राहिल्या. आपल्या घरात, आपल्या देखत, आपण ठरवलेली गोष्ट अशी बाजूला सारली गेल्याचे त्यांना आठवत नव्हते. "प्रेमला, सोड ती गा—" त्या म्हणाल्या, आणि तो शब्द त्यांच्याच ओठांवर अडला. पायरीवर बसलेली ती शेजारची सून त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

त्यांनी भुजंगकडे मोर्चा वळवला. मुलाला कधी दोनदा सांगावे लागले नव्हते. त्यांनी गोदूकडे बोट केले, प्रेमलाकडे केले, आणि तळवे झटकले. ठरले.

भुजंग जागचा उठला. त्याने एकदा रजनीकडे पाहिले. मग आपले दोन्ही हात डोक्यावर नेऊन आडवे धरले आणि तसाच उभा राहिला.

"हे काय आता?" चतुराबाईंनी विचारले. ही खूण त्यांच्या ओळखीची नव्हती. मुलाच्या हातात आपल्याला न कळणारे काही आहे, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. "काय म्हणून राह्यला हा?"

पुंजाराम पुढे होऊन म्हणाला, "मावशी, आमच्या मिलमधली खूण हाए ती. भुजंगानं असं केलं की मालकबी मिल चालवीत न्हाई. बंद म्हणून राह्यला तो. बिलकुल बंद."

होमात समिधा तडतडत होत्या. चतुराबाईंपाशी अजूनही मार्ग होते. जगन्नाथाला दटावता आले असते, गुरुजींना गप्प करता आले असते, मुलीला ओढून स्वतः प्रेमलाच्या मांडीवर बसवता आले असते. पण ती ओटी कुणी भरली होती? या घराच्या सवाष्णीने, त्यांनी स्वतः जिच्या हाती करंडा दिला होता तिने. ती ओटी खोटी म्हणायची, तर करंडा दिला तेही खोटे म्हणावे लागले असते, आणि ते चार बायकांदेखत झाले होते. चतुराबाई पुष्कळ काही होत्या. दिलेले परत घेणाऱ्यांतल्या मात्र नव्हत्या.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "होम शांत करा. साळूबाई, पानं मांडा."

"म्हंजी दत्तक—" साळूबाईने सुरुवात केली.

"तुम्हालाबी ऐकू येत न्हाई का? पानं मांडा म्हणलं. पुरण गार होऊन राह्यलं."

जेवणे झाली. त्या दिवशी चतुराबाई कुणाशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याने घर जितके शांत झाले तितके ते पूर्वी कधी झाले नव्हते. जगन्नाथ संध्याकाळी भावाशेजारी ओसरीवर जाऊन बसला. भुजंगने त्याला मूठ वर करायला शिकवले, तळवा खाली दाबायला शिकवले. शेवटची खूण शिकवली नाही. ती जगन्नाथाला पाठ झाली होती.

रजा संपली. सामान जीपमध्ये चढले. प्रेमलाने ओटीचे गाठोडे मांडीवर घेतले होते, गाठ न सोडता. पाया पडायला ती वाकली तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, "वाटेत सोडू नको ती. तुझ्या घरी जाऊनच सोड."

"आई, नारळ विमानात नेऊ देतील की नाही..."

"देत न्हाईत कसे? माझं नाव सांग."

जगन्नाथाला हसू आले आणि ते लपवायला तो जीपच्या पलीकडे गेला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भुजंग पाळीवर जायला निघाला. रजनी गोदूला कडेवर घेऊन फाटकाशी उभी होती, रस्त्याकडे तोंड करून.

"गोदे," चतुराबाईंनी हाक मारली.

गोदू कडेवरच वळली आणि उतरायला धडपडू लागली. रजनीला हाक ऐकू आली नव्हती. तिने मुलीला आवळून धरले आणि मागे वळून पाहिले. सासू दोन्ही हात पुढे करून उभी होती. रजनीची पकड सुटली नाही, उलट घट्टच झाली.

चतुराबाईंनी हात खाली घेतले. मग उजव्या हाताचे बोट आपल्या गालाला लावले आणि किंचित फिरवले, थोडे चुकत, कारण हे त्यांनी कधी केले नव्हते. नुसते दारातून पाहिले होते.

रजनीने क्षणभर त्या बोटाकडे पाहिले, आणि मुलीला खाली सोडले.